हारकर साहेब

टिल्लू कारकुनांनी रोजकीर्दीत लिहिलं,
"हारकर, चितारी, विलायतवाले",
आणि मुदपाकखान्यात आम्ही ठरवून टाकलं
की कोकणातले असणार, खाऱ्या वाऱ्याने सोललेले.
घंगाळात पाणी ओतताना मी विचारलंही,
"साहेब, गाव कुठलं? गुहागर?"
त्यांनी मान हलवली.
ते कशालाही मान हलवायचे.

दर टिल्लूंनी वाचून दाखवला:
नुसतं डोकं दीडशे, कमरेपर्यंत चारशे,
उभं अख्खं माणूस हजार,
हात दिसले तर दर हाती पन्नास वर.
भैयासाहेब मिशीत हसले,
"आमच्या वाडवडिलांनी हात दाखवूनच जहागीर मिळवली.
दोन्ही काढा."

अक्कासाहेबांना गोषा.
चिकाच्या पडद्याआड एकदाच, आरशातून,
आठ मोजेपर्यंत त्यांनी तोंड दाखवलं.
बाकी सहा आठवडे मी.
त्यांची चंदेरी, त्यांचा तन्मणी, त्यांची खुर्ची,
आणि बाहेर लश्करभर लू.
भिश्ती वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचा,
साहेबांच्या रंगाला जवसाच्या तेलाचा वास,
मला बसल्या बसल्या चटणी-भाकर आठवायची.

साहेबांना मराठी तीन शब्दांचं:
हलू नका. उजेड. पुरे.
बाकीचं टिल्लूंकडून कळलं,
त्यात साहेबांचं किती नि टिल्लूंचं किती, देव जाणे.
बाप दारूच्या गुत्त्यांच्या पाट्या रंगवायचा,
सिंह, नांगर, पांढरा हंस,
आणि हा सातव्या वर्षी शिडीवर चढून
सिंहांचे डोळे भरायचा.
पुढे लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात
दोनदा चित्र लागलं, दोन्हीदा छताला टेकून,
बघायला पुन्हा शिडीच हवी.
एका न्यायाधीशाने बायकोचं नाक लांब आलं म्हणून
पैसे बुडवले.
साहेबांची स्वतःची बायको बाळंतपणात गेली.
तिचं चित्र नाही.
"गिऱ्हाईक नव्हती ना," टिल्लू म्हणाले
आणि मग बराच वेळ टाक पुसत बसले.
मग बोट. मुंबईला पारशी शेटजी, ओळीने सोळा,
सगळे एकाच डगल्यात.

शेवटच्या आठवड्यात हातांची पाळी आली.
राखेने, चिंचेने कातरलेली माझी बोटं,
डाव्या अंगठ्यावर तव्याचा ताजा चटका.
मी पदराखाली ओढले.
"हलू नका."
अर्धा दिवस ते त्या चटक्याकडेच बघत राहिले,
आणि काढला. तसाच.

अक्कासाहेब रात्री चित्र बघायला आल्या.
समई मी धरली होती.
त्यांनी तोंड बघितलं नाही.
चित्रातला अंगठा बघितला, मग समईखालचा.
"राहू दे," म्हणाल्या.

पुढच्या थंडीत मोरारच्या छावणीत फोटोवाला उतरला.
आठ मोजेपर्यंत अख्खं माणूस,
हातांचे पैसे नाहीत.
भैयासाहेबांनी घोड्यांचेसुद्धा काढून घेतले.
हारकर साहेब मग त्या फोटोंना गाल लावायचे,
गुलाबी, चार आण्याला जोडी.
नजर गेली तसे गाल
हळूहळू कानांकडे सरकले.
कुणी बोललं नाही.
नंतर कुणी फोटोही पाठवले नाहीत.

ते मोरारलाच गेले, काविळीने.
टिल्लूंनी लिहिलं, "हारकर मयत.
देणे बाकी रुपये सदतीस. वारस नाही."
पेटीतले रंग दगड झाले होते.
सगळ्यांत बारीक कुंचला मी कमरेला खोचला,
चोरी म्हणा हवं तर.

आता दर भाद्रपदात
गौरींच्या मुखवट्यांचे डोळे त्यानेच भरते.
श्वास धरते, टोकाला काजळ घेते,
म्हणते, हलू नका.
धाकटी ऐकते.
थोरली दरवर्षी जराशी हलते.