हातचा

भिंत मोजायला सोपी. लांबी, जाडी, उंची, गुणाकार.
गोल भिंतीचंही तेच,
फक्त मध्ये पाय अडकतो, तीन पूर्णांक चौदा शतांश.

काल्बुकोच्या टेकडीवर पाण्याची टाकी.
आतला व्यास बारा मीटर, उंची साडेचार,
जाडी तीस सेंटिमीटर.
बावन्न घनमीटर काँक्रीट.
सळई पावणेसहा टन,
वर जोडांचे आणि कापून उरणाऱ्या तुकड्यांचे शेकडा सात.
बांधणीच्या तारेचा भाव मी कुणाला विचारत नाही,
तो पाठ आहे, वडिलांच्या फोन नंबरासारखा,
जो आता लागत नाही.

काँक्रीट स्वस्त असतं, हे बाहेरच्यांना पटत नाही.
महाग पडतं ते त्याला धरून ठेवणारं लाकूड,
जे शेवटी काढूनच टाकायचं असतं.
इंजिनिअर सान्तियागोत बसून भिंत काढतो,
पण तिच्याआधी तिच्याच मापाची
एक लाकडाची उभी करावी लागते.
ती नकाशात नसते.
ती मी शोधते,
कोऱ्या जागेत, पेन्सिलीने.

गुरुवारी तीनला पालिकेत लिफाफे फोडले.
चार निविदा. आमची सगळ्यात खाली.
क्लेनरसाहेबांनी टाळीसाठी हात पुढे केला,
मी दुसऱ्या क्रमांकाचा आकडा बघत होते.
बावन्न लाख पेसोंचं अंतर.
हरलेल्यांतली उर्सुला माल्दोनादो जवळ आली,
माझी कॉलर सारखी केली आणि हळूच म्हणाली,
"नेल्दा, काय विसरलीस गं?"
आवाज मायेचा होता.
म्हणून पोटात खड्डा पडला.

रात्री कॅल्क्युलेटरची गुंडाळी जमिनीवर सोडली,
स्वयंपाकघरापासून दारापर्यंत.
शटरिंग, भिंत: एकशे अठ्ठ्याहत्तर चौरस मीटर.
ही बाहेरची.
आतली?

भिंतीला दोन बाजू असतात हे शेंबडं पोरही सांगेल.
मी टाकी बघत होते
गावातून दिसेल तशी.
एकशे सत्तर चौरस मीटर, दर अठ्ठावीस हजार.
सत्तेचाळीस लाख साठ हजार.
ताळा केला. तीनदा.
दर वेळी जमला.

तीन टक्के हातचे राखले होते मी.
शेवटच्या संध्याकाळी साहेबांनी खोडले,
"बाई, भीतीचे पैसे कोण देतं?"

शनिवारी होडीने आचाओला गेले, रोसेन्दो बारियाकडे.
सत्तरीचा. आधी होड्या बांधायचा, मग साचे.
कागद हातात घेतला, चष्मा घेतला नाही.
"प्लाय किती वेळा वापरायचा धरलायस?"
"चार."
"तेल नीट लावलं आणि पहारीने ओरबाडलं नाही, तर सात."
मग बराच वेळ शेगडीतलं लाकूड सरकवत राहिला.
"आतली बाजू होडीसारखी करू.
फासळ्या आधी, कातडं मागून."
"किती वाचतील?"
"निम्मे."
"आणि निम्मे?"
त्याने माझ्या कपात चहा ओतला.

ते निम्मे कुठून आले, ते मला नंतर कळलं.
त्याचा भाचा एलिसेओ आणि आणखी तिघे
सहा रविवार टेकडीवर होते.
हजेरीपटावर ते रविवार नाहीत.
माझ्या एकाही कागदावर नाहीत,
आणि मी तर कोऱ्या जागेत शोधणारी बाई.

मार्चमध्ये साचे निघाले.
शिडी लावून मी आत उतरले.
भिंतीवर लाकडाच्या रेषा उठल्या होत्या,
एका ठिकाणी गाठ, डोळ्याएवढी,
आणि तिच्याखाली कुणीतरी ओल्यात टेकवलेला अंगठा
(म्हणजे वरून हात घालून, साचा बसता बसता;
कसा, ते एलिसेओ सांगत नाही).
मी त्यावर माझा ठेवून पाहिला.
माझा लहान पडला.

पुढच्या सोमवारी पाणी सोडलं.