क-सतरा

बडोद्याला समुद्र नाही.
तरी ओव्हरसियर दत्ताजीराव फणशांनी
विलायतेहून आलेल्या एका पोस्टकार्डावर
पाण्यात पाय सोडून बसलेलं थेटर पाहिलं
आणि तळ्यात सागाचे बत्तीस खांब रोवले.
नाव दिलं : सागरविलास.
म्हशी डुंबतात तिथे कसला सागर, लोक म्हणाले.
म्हशींनी हरकत घेतली नाही.

माझे वडील तिथे प्रॉम्प्टर होते.
विंगेत, वात बारीक केलेल्या कंदिलाशी,
सगळ्यांचे शब्द त्यांच्यापाशी.
घरीही असेच पुटपुटतात, आई म्हणायची,
स्वतःचं एक वाक्य धड बोलतील तर शपथ.

फळ्यांखाली बेडूक.
विरहाच्या प्रवेशाला हमखास.
एका रात्री नायिका झालेले नारोपंत दिघे
पदर सावरत थांबले, खाली वाकले,
"तुमचं होऊ द्या आधी."
वन्स मोअर मिळाला त्याला.
वडिलांच्या वहीत, छापील ओळींच्या मध्ये,
ते वाक्य जांभळ्या शाईनं घातलेलं आहे.

पुराच्या साली विश्वामित्री आत शिरली.
पाणी उतरल्यावर दार उघडलं
तर पहिल्या रांगेत, मानाच्या जागी, मगर.
अल्लाबक्ष डोअरकीपरनं पास मागितला नाही.
दोन्ही कवाडं सताड केली, टोपी काढली,
आणि संध्याकाळपर्यंत बाजूला उभा राहिला.

मग सिनेमा. मग तोही उठला.
मग लग्नं, रेशनची साखर,
कोर्टाचं सील, त्यावर कबुतरं.
खांब उपटले तेव्हा बुडख्यांना
सफेत्याचा वास येत होता म्हणे.
म्हणणाऱ्यांचं काय.

मी तिथे एकही नाटक पाहिलं नाही.
माझ्या आठवणीतले वडील म्युनिसिपालिटीत,
जन्म-मृत्यूच्या खिडकीशी.

परवा रावपुऱ्यात, रमणीकभाईंच्या दुकानात,
नंबर येईस्तोवर खुर्चीवर टेकलो.
हाताखाली पितळी बिल्ला लागला : क-१७.
"जुनी छे," रमणीकभाई म्हणाले, "पण बेसो, मजबूत छे."
आणि गिऱ्हाइकाकडे वळले.
ओठांत टाचण्या. त्यामुळे आवाज दबका,
फक्त वही धरलेल्या पोराला पोचेल एवढा :
छाती अडतीस.
बाही साडेतेवीस.
पोरगं अडखळलं.
त्यांनी पुन्हा सांगितलं, न चिडता,
मान न वळवता.

माझा नंबर आला होता.
मी उठलो नाही.