पान एकशे एक्केचाळीस

बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत
माझं टायपिंगचं दुकान. पानाला पंचवीस रुपये,
जोडाक्षरं जास्त असली तरी तेवढेच.
निखारे सरांची कादंबरी मे महिन्यात आली,
कापडी पिशवीत, तीन वह्या.
अक्षर पावतीपुस्तकातलं, बारीक,
कार्बनवर जोर द्यायची सवय असलेलं.
कूलरमध्ये पाणी टाकायचं, तुळशीराम टाईप करायचा,
असा माझा उन्हाळा गेला.

तुळशीराम कामठी रोडच्या जकात नाक्यावर कारकून.
पैसे खातो. पहिल्याच पानावर खातो.
ट्रकवाल्याकडून पन्नास, भाजीवाल्याकडून पाच,
एका म्हातारीकडून तर कोंबडी.
तरी मला तो आवडून राहिला होता.
काऊन, तर बारीकशी गोष्ट:
पान बारावर त्याच्या चपलेचा अंगठा तुटतो
आणि तो सेफ्टी पिन लावून
दिवसभर पाय असा टेकवतो
की कोणाला दिसू नये.
बस. तेवढ्यावर मी त्याला सव्वाशे पानं उधार दिली.
बायकोशी खोटं बोलला, चाललं.
भावाचा हिस्सा दाबला, तरी म्हटलं, असेल काही.

मग एकशे एक्केचाळीस.
शिपाई झिबल येतो, पोरीचं पत्र घेऊन,
सासरहून आलेलं. त्याला वाचता येत नाही.
तुळशीराम ते मोठ्यानं वाचतो, अख्ख्या नाक्यासमोर,
चुका चुकांसकट,
मध्येच पोरीसारखा आवाज काढून.
ट्रकवाले हसतात. झिबलही हसतो,
त्याला वाटतं, पत्रात काही गमतीचं असेल.

माझी बोटं थांबली.
लाच नाही, कोंबडी नाही, भाऊ नाही,
हे इतकंसं, अर्ध्या पानाचं,
आणि माणूस हातातून गेला.
पुढची पानं केली, पण
मेला तर मेला, अशी.

तिसऱ्या दिवशी लाईट गेली, आली,
आणि मी एक ओळ घुसडली. माझी.
‘संध्याकाळी तुळशीरामनं पत्र घडी करून
झिबलच्या डब्याखाली गुपचूप ठेवलं.’
चोरीच ती. पण मला तो परत पाहिजे होता.

आठवड्यानं सर प्रूफ तपासून घेऊन आले.
माझ्या ओळीवर लाल रेघ, पट्टी ठेवून मारलेली,
आणि समासात, खाली कार्बन असल्यासारखं दाबून:
‘ठेवलं नव्हतं. अजून माझ्याजवळ आहे.’

‘सर, ते मी...’ म्हटलं.
ते म्हणाले, ‘ऱ्हस्व-दीर्घ चांगलं पाहता तुम्ही.’

पान पुन्हा काढलं, होतं तसंच.
त्याचेही पंचवीस त्यांनी मोजून दिले, सुट्टे.
ते उठले तेव्हा मी
कूलरमधलं पाणी बघायला गेले,
भरलेलंच होतं,
त्यांच्या पायांकडे नजर जाऊ नये म्हणून.