नमुना क्रमांक एकेचाळीस

परळच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर
तारामती वैतींच्या खुब्याचा गोळा
बरणीत ठेवलाय.
बाई मात्र वर्सोव्याला, वॉकर आपटत, ठणठणीत.

मागच्या आठवड्यात तपासणीला आल्या तेव्हा
स्क्रीनवर त्यांचं हाड दाखवलं.
चष्मा पुसून म्हणाल्या,
"हे तर जाळं. कुणी कुरतडलं?"

हाडातल्याच पेशींनी, मी म्हटलं. काही बांधतात, काही खातात.
पन्नाशीनंतर खाणाऱ्यांचं फावतं.

"म्हंजे घरचेच."
हसल्या. नखानं एक भोक दाखवलं:
"इथनं बोंबील जाईल. पापलेट नाय."

अहवालात मी सच्छिद्रता लिहिली, टक्क्यांत.
बोंबलासाठी रकाना नव्हता.

रात्री आईचा फोन:
मोरीत जरा घसरले, काही नाही झालं.
कुठल्या कुशीवर पडलीस, मी विचारलं,
आणि ती बराच वेळ
बोललीच नाही.