काठ

तिसऱ्यांदा भिंत फुटली तेव्हा
फाइल माझ्या टेबलावर आली.
विडी घरकुलामागचा ओढा, लांबी चारशे मीटर,
आरसीसी, दोन्ही बाजू, सरळ.
आधीच्या दोघांनीही सरळच आखला होता;
ऑफिसातली पट्टीच तशी.

मे महिना. डांबर बुटाला चिकटत होतं.
काळ्या रानातल्या एका भेगेत
माझा टेप कोपरापर्यंत उतरला.
उन्हात आकसते, पाण्यानं फुगते ही माती,
भिंतीनं मात्र एकच माप पाठ केलेलं.

उंबऱ्यात बालामणी गाजूल विड्या वळत होती,
सूप मांडीवर, ओल्या फडक्यात पानं.
म्हणाली, "आमच्यात ह्याला वागू म्हणतेत."
तेलुगूतला ओढा.
मी मराठीत ऐकलं.
कसं वागू, बाई?

कात्रीच्या टोकानं तिनं दाखवलं:
"पानी तिकडनं येतंय, त्या लिंबापाशी वळतंय,
मग हितं पसरून बसतंय दोन दिवस.
तुमी त्याला बसूच देत नाईत ओ.
उठवलं की आमच्या घरात येतंय."

नवरा नुकताच लूमवरून आलेला,
कानात अजून खडखडाट, म्हणून ओरडूनच बोलला:
"चादरीला काठ काय मागनं शिवतेत, सायब?
धोटा वळतो ना, तितंच काठ होतो."

रात्री नकाशा खोडला.
पाणी वळतं तिथं वाकण ठेवलं,
लिंबाखाली उथळ, पसरट खळगा,
जाळीत भरलेले दगड, सिमेंटशिवाय,
फटींतून वाळा, निर्गुडी, वरच्या अंगाला करंज.
भिंतीच्या रकान्यात शून्य लिहिताना
हात थोडा कापला, खरं सांगतो.
साहेबांनी विचारलं, "गवत दरसूचीत कुठाय?"
नव्हतंच.
दगडांच्या बाबीत घुसवलं मी ते.

सप्टेंबरातल्या एका रात्री
महिन्याचं पाणी तीन तासांत पडलं.
पहाटे बॅटरी घेऊन गेलो.
खळग्यात ते बसलं होतं,
गुडघाभर, गढूळ,
कुठल्याच गाडीची वेळ नसलेल्या माणसासारखं.
बालामणीचा उंबरा कोरडा.
तिनं वर पाहिलं नाही,
पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधत राहिली.

फेब्रुवारीत कोपऱ्यावरचा हापसा अजून बोलत होता.
नळ आपला चौथ्या दिवशी.

परवा लेखापरीक्षणाचा शेरा आलाय:
"जागेवर पाहणी केली असता
बांधकाम आढळून आले नाही."
खुलासा सात दिवसांत.