झाकण घट्ट बसतं

त्याच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर
पूर्वी कुठल्याशा खाटकाच्या दुकानाचं नाव होतं.
दोरा उसवून टाकलेला, पण सुईची भोकं राहिली होती,
तो उन्हाकडे तोंड करून उभा राहिला की वाचता यायची.
मी वाचली. आणि गप्प बसले.

कारण त्या दिवशी बुकेल्वा जेवली.
तीन आठवड्यांनी, मक्याची पेज,
बोटाने वाटी निपटून.

आमची खायेलित्शा वाळूवर बसलेली.
आग्नेयेचा वारा सुटला की
वाळू अंथरुणात, वाळू चहात,
दवाखान्याच्या रांगेत दातांखाली वाळू.
पहाटे चारला उभं राहायचं,
अकराला नर्ससमोर बसायचं, चार मिनिटं.
वजन, खोकला, पुढची तारीख.
रडायला पाचवं मिनिट लागतं.

त्याच्याकडे वेळच वेळ होता.
व्हॅन नाक्यावर लावून तो पत्र्याच्या खोलीत यायचा,
पालथ्या बादलीवर बसायचा,
तिच्या आजीचं गाव विचारायचा.
"सिसी, त्या गोळ्या विष आहेत गं,"
इतक्या मायेने म्हणायचा, की विष हा शब्दसुद्धा
जिभेवर ठेवावासा वाटे.
मग पिशवीतून डबा निघायचा:
तपकिरी भुकटी, झाकणावर उगवता सूर्य,
किंमत, तिच्या मुलाच्या शाळेच्या बुटांएवढी.

मी संघटनेची.
अंगात घोषणा छापलेला टी-शर्ट, झोळीत वही.
रक्तातले पहारेकरी किती उरले
ते मी त्या वहीत लिहायची, तारखेपुढे आकडा.
बुकेल्वाचे दोनशे दहा. मग एकशे चाळीस.
भुकटी सुरू झाली, चेहरा भरला. सत्तर.
मी तिला आकडा दाखवला.
तिने मला आरसा दाखवला.

त्या वर्षी आम्ही संसदेपुढे पाय आपटून नाचलो,
गोळ्या द्या, गोळ्या द्या,
आणि घसा बसवून घरी येईपर्यंत
माझ्याच गल्लीतलं दार वाजवायला
रात्र झालेली असायची.

शेवटचा आकडा अकरा.
तो मी पेन्सिलीने लिहिला.
का, ते विचारू नका.

मातीला तोही आला होता.
सगळ्यांत भरदार आवाजात गायला,
फावडं मागून घेतलं,
तिच्या आईला खांदा दिला.
मला त्याची मानगूट धरायची होती,
पण त्या मानेवर म्हातारीचं डोकं टेकलेलं.

कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं,
"बाई, आपलं वैद्यकीय शिक्षण?"
"शाळा. आठवीपर्यंत."
मागच्या बाकांवर हशा.
"मग आपल्याला नेमकं काय येतं?"
"उतरती मोजणी," म्हटलं, आणि वही वर दिली.
न्यायाधीशबाई पानं उलटत होत्या
तेव्हा शिवणीतून वाळू सांडली,
त्यांच्या काळ्या झग्यावर.
त्यांनी ती झटकली नाही.

व्हॅनवर बंदी आली.
ऐकते, ती आता दुसऱ्या गावात आहे,
दुसऱ्या रंगाची.

परवा म्हाताऱ्या झोलानीकडे गेले.
पालथ्या बादलीवर बसले.
(हे कुणाकडून शिकले, ते मी संघटनेत सांगत नाही.)
खाणीतली त्याची तीस वर्षं ऐकली,
मुकादमाचा कुत्रा, बायकोची पत्रं, सगळं,
चहा दोनदा गार झाला.
उठता उठता विचारलं, "आणि गोळ्या?"

त्याने फळीवरून डबा काढला.
झाकणावर उगवता सूर्य.

माझ्या पोटात खड्डा पडला.
त्याने सावकाश झाकण फिरवलं:
आत आमच्याच गोळ्या,
सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या,
वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधलेल्या, मोजून.

"झाकण घट्ट बसतं याचं," तो म्हणाला,
"वाळू जात नाही आत."