सुरीचं काम

बावीस वर्षं मी कालवं उघडली
माओवेईच्या खाडीकाठी, पत्र्याच्या छपराखाली,
टोपलीमागे पैसे घेऊन, खाणाऱ्यांसाठी.
मग छी बोयुआन आला, उत्तरेकडचा पोरगा,
चष्म्यावर मिठाचे डाग.
म्हणाला, नोंग काकू, तुमचा हात हवाय.
गरापर्यंत जायचं, पण गर फाटता कामा नये.

त्याच्याकडची कालवं विमानाने आली,
थर्माकोलच्या पेटीत, ओल्या गोणपाटात,
लांबट, कडा चुरगळलेल्या.
आमची जाड, चिखलाच्या रंगाची,
नदी फुगून खाडी गोडी होते तेव्हा
तोंड मिटून दिवस काढणारी.

नर की मादी, बाहेरून कळत नाही.
उघडल्यावर कळतं,
आणि उघडलं की संपलं.
बावीस वर्षांत हे मी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं.
काचपट्टीवर थेंब: रव्यासारखा पांगला तर मादी,
दुधासारखा ओढला गेला तर नर.
"ही आई," बोयुआन म्हणतो, वहीत आकडा लिहितो.
तोवर आई माझ्या तळहातावर
कडेने सुकायला लागलेली असते.

इथल्या अंड्यांवर तिकडचं बीज सोडलं.
तासा-दीड तासात एकाचे दोन, दोनाचे चार.
तिकडच्या अंड्यांवर इथलं सोडलं.
ते रात्रभर भोवती घिरट्या घालत राहिलं,
कुणी आत घेतलंच नाही.
पाणी तेच. ऊब तीच. बादलीसुद्धा जुळी.
तो म्हणाला, अंड्याच्या सालीला कुलूप असतं.
मग आमच्या अंड्यांना नाही का?
आहे की काकू. ढिलं आहे.
घरी हे सांगितलं तर नवरा म्हणाला,
म्हणजे आपल्याकडच्याच भोळ्या.
त्या रात्री त्याच्या ताटात मासा पडला नाही.

बाराव्या दिवशी टाकीचा तळ पांढरा झाला.
कोट्यवधी, बोयुआन म्हणाला,
आणि शेवयांचं कोरडं पाकीट
पाणी न ओतताच उभ्याने चावत राहिला.
मी नळी लावून तळ उपसला.
चाळणीवर उरली
ती चिमूटभर मिठाएवढी.

त्यांना आता बूड टेकायला जागा हवी होती.
मी ढिगातल्या जुन्या शिंपा घासून, उन्हात वाळवून
दोरीत ओवून पाण्यात सोडल्या.
त्यांत त्यांच्या आयांच्याही असतील.
वेगळ्या काढाव्यात असं तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षी वादळ आलं, तीन दिवस नदी थांबेना.
बोयुआनच्या गावची सगळी गेली, दोरीच्या दोरी.
ही राहिली. आणि भर उन्हाळ्यात,
आमची अंडी टाकून पातळ, पाणचट होतात तेव्हा,
ही आपली गच्च भरलेली.
व्यापारी शे हाताने वजन करून बघतो
आणि पुन्हा बघतो.

मी एक उघडलं. सवयीने थेंब काचेवर.
रवा नाही. दूध नाही.
नुसतं स्वच्छ पाणी, दिवा आरपार.
बोयुआन म्हणाला, असंच हवं होतं,
जे वाढवायचं ते अंगातच राहतं, काकू, वाया जात नाही.
वाया, तो म्हणाला.
पोरगा चांगला आहे. लग्न व्हायचंय अजून.

मी ते खाल्लं. आधी खारट,
मग उशिरा, घशापाशी, गोड.
सुरी पुसली.
शिंप ढिगावर टाकली, पालथी नाही, उताणी.
पुढच्या खेपेला कुणाला तरी
बसायला लागेल.